हाली, कलदार आणि चिंतामणरावांची सही

आमच्या घरी आजीचा एक पितळी डबा होता. त्यात सुपारी, अडकित्ता, एक मोडकी नथ आणि फडक्याच्या गाठीत बांधलेले दोन रुपये असत. एका रुपयावर चारमिनार होता आणि त्याच्या मधल्या कमानीत ‘ऐन’ हे एकच फारसी अक्षर, म्हणजे निजाम उस्मान अलींच्या नावाची खूण. दुसऱ्यावर मुकुट घातलेला पंचम जॉर्ज. दोन्ही चांदीचे, दोन्ही रुपयेच. पण आजी ते वेगवेगळ्या गाठीत ठेवायची. विचारलं तर म्हणायची, “हा हाली, हा कलदार. सोळा आणे दोघांचेबी, पण आणा आण्यासारखा नाही.”

पुढे बँकेत नोकरीला लागल्यावर एका सराफाच्या काट्यावर मी ते दोन्ही रुपये तोलून पाहिले. कलदार साडेअकरा ग्रॅमच्या थोडा वर भरला, हाली त्याहून अर्धा ग्रॅम हलका. हलकेपणाबरोबर कसही कमी. कलदारात हजार भागांत ९१७ भाग चांदी असे, हालीत ८१८. गुणाकार केला की कलदारात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी निघते आणि हालीत ९.१. हे प्रमाण जवळजवळ सातास सहा येतं. म्हणूनच सात हाली रुपयांना सहा कलदार असा हिशेब धरत. शंभर कलदार हवे असतील तर एकशे सोळा रुपये, दहा आणे, आठ पै हाली मोजावे लागत. आमच्या गावातल्या शाळा न शिकलेल्या म्हाताऱ्यांनाही हा आकडा पाठ होता.

आमचं गाव तेर तेव्हा निजामाच्या मुलखात, उस्मानाबाद जिल्ह्यात. बार्शी इंग्रजांच्या, सोलापूर जिल्ह्यात. मधे फक्त राज्याची हद्द. आजोबा कापूस आणि भुईमूग घेऊन बार्शीच्या बाजाराला जात. तिथे माल कलदारात विकला जाई. गावाकडे सावकाराचं देणं, सरकारचा सारा आणि लग्नाचा बाजार हालीत. कुठल्याही सौद्याआधी पहिला प्रश्न एकच: हाली का कलदार? हद्दीवरचा सराफ अदलाबदल करून देई आणि आपला बट्टा कापून घेई. हिशेब न येणारा कुणबी एकाच मालावर दोनदा नागवला जाई, आधी अडत्याकडे आणि मग सराफाकडे.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांच्या चरित्राला प्रस्तावना लिहिताना मी या डब्यापासून सुरुवात केली, त्याला कारण आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून देशमुखांचं नाव स्पर्धा परीक्षेच्या प्रत्येक मुलाला तोंडपाठ असतं. ११ ऑगस्ट १९४३ ही तारीखही असते. पण तेरच्या एखाद्या मुलानं विचारलं की या माणसाचा आपल्या गावाशी काय संबंध, तर उत्तर देताना थांबावं लागतं. ते गव्हर्नर झाले तेव्हा त्यांच्या सहीची नोट तेरच्या बाजारात घरची नव्हती, परमुलखाची होती. चलन कोणाचं, त्याची किंमत कोण ठरवतो आणि ती कोणाच्या शब्दावर टिकते, हे ज्या गावानं रोजच्या बाजारात सोसलं, त्या गावाला हे चरित्र इतर कुणाहून जास्त कळेल असं मला वाटतं.

तेरला पैशाची ओळख निजामापासून झालेली नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनाम ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी वाटाड्यात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ नावाचं मोठं शहर असल्याची नोंद आहे. तिथून साधं कापड आणि तलम मलमल गाड्यांत भरून भडोचच्या बंदरात जाई. हे तगर म्हणजेच आपलं तेर, हे फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडलं. १९५८ मध्ये चापेकरांनी इथे उत्खनन केलं. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात सातवाहनांची नाणी आहेत आणि रोमन नाण्यांवरून साचा घेऊन बनवलेली मातीची पदकंही आहेत. मी दर वेळी त्या मातीच्या पदकांपाशी थांबतो. रोमचा बादशहा, त्याची मुद्रा, काठाची नक्षी, सगळं आहे, फक्त ते सोनं नाही, भाजलेली माती आहे. दोरीत ओवून गळ्यात घालण्यापुरती तिची किंमत. छाप तीच असूनही एक नाणं आणि दुसरं पदक का, या प्रश्नातच चलनाचं सगळं शास्त्र आहे. छापेमागं कोण उभा आहे यावर ते ठरतं.

छापेमागं उभं राहण्याचं हे काम देशमुखांकडे कसं आलं, हा या पुस्तकाचा विषय.

त्यांचा जन्म १४ जानेवारी १८९६चा, रायगडाच्या पायथ्याशी महाडजवळच्या नाते गावचा. घराणं रोह्याचं, वडील वकील. १९१२ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. तिथून केंब्रिजचं जीझस कॉलेज. तिथे त्यांनी अर्थशास्त्र घेतलं नाही. वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र घेतलं, १९१७ मध्ये ट्रायपॉस पूर्ण केली आणि वनस्पतिशास्त्राचं फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळवलं. पुढल्या वर्षी लंडनला झालेल्या आयसीएसच्या परीक्षेतही पहिले. संस्कृतचा हा नाद शेवटपर्यंत सुटला नाही. मेघदूताचा मराठी अनुवाद त्यांनी केला, गांधीजींची वचनं संस्कृत श्लोकांत बांधली.

अर्थशास्त्राची पदवी नसलेला माणूस अर्थतज्ज्ञ कसा, हा प्रश्न वाचकाला पडेल. तो पडायलाच हवा. पुढच्या काळात आय. जी. पटेल, मनमोहन सिंग, रंगराजन, रघुराम राजन असे नावाजलेले अर्थशास्त्रज्ञ त्या खुर्चीत बसले. १९७० मध्ये सहा आठवड्यांसाठी का होईना, बी. एन. आडारकर हे अर्थशास्त्रज्ञही बसले आणि नोटांवर त्यांची सही आली. देशमुखांची तयारी मात्र वेगळ्या शाळेत झाली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात ते नोकरीला लागले आणि रायपूरकडे त्यांनी जमाबंदीचं काम केलं. जमाबंदी म्हणजे काय हे आज सांगावं लागतं. गावागावात जाऊन जमीन पाहायची, काळी किती, मुरमाड किती, पाणी किती लागतं, मागल्या वर्षांत पीक किती आलं आणि कोणत्या भावानं गेलं हे काढायचं, आणि त्यावरून पुढली कित्येक वर्षं सरकारनं किती सारा घ्यायचा ते ठरवायचं. थोडा जास्त लावला तर कुळ देशोधडीला, थोडा कमी लावला तर खजिना रिकामा. झाडांची मुळं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या माणसाला मातीचा पोत वाचायला शिकवावा लागला नसेल. माझं मत असं आहे की गव्हर्नर देशमुखांचं अर्थशास्त्र या शेतांत पिकलं. आकडा कागदावर येण्याआधी तो कुणाच्या तरी बांधावर असतो, ही जाण पुस्तकातून येत नाही.

१९३१च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेत त्यांनी सचिव म्हणून काम केलं, नंतर मध्य प्रांताचे अर्थसचिव झाले. जुलै १९३९ मध्ये त्यांना रिझर्व्ह बँकेत पाठवण्यात आलं. काम साधं होतं: बँकेच्या कारभाराची खबर भारत सरकारला देत राहणारा संपर्क अधिकारी. बँक तेव्हा चार वर्षांची पोर. १ एप्रिल १९३५ला ती सुरू झाली, पाच कोटींचं भांडवल खासगी भागधारकांचं, पहिले दोन गव्हर्नर ऑस्बोर्न स्मिथ आणि जेम्स टेलर, दोघेही परदेशी. देशमुख रुजू झाल्यावर दोन महिन्यांत दुसरं महायुद्ध सुरू झालं. तीन महिन्यांत ते बँकेच्या मध्यवर्ती मंडळाचे सचिव, दोन वर्षांत डेप्युटी गव्हर्नर. फेब्रुवारी १९४३ मध्ये टेलर वारले आणि ऑगस्टात देशमुखांची नेमणूक झाली.

युद्धाची ही वर्षं चरित्रात वाचकानं सावकाश वाचावीत. अवघड आहेत, पण त्यांच्यावाचून बाकीचं कळत नाही.

इंग्रजांना युद्धासाठी हिंदुस्थानातून सगळं हवं होतं: गहू, कापड, ताग, चामडं, लाकूड, सैनिक. विकत घेताना ते इथे रुपये देत आणि त्याबदल्यात लंडनमध्ये हिंदुस्थानच्या नावावर पौंड जमा करत. हे पौंड तिथल्या रोख्यांत अडकलेले, हवे तेव्हा हातात न येणारे. इकडे रुपये मात्र लगेच हवे असत. रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात सोय अशी होती की स्टर्लिंगचे रोखे हाती आले की त्यांच्या आधारावर नोटा काढता याव्यात, आणि रुपया दीड शिलिंगाच्या ठरल्या दरानं पौंडाशी बांधलेला. म्हणजे लंडनमध्ये एक नोंद झाली की मुंबईत नोटा छापल्या जात. युद्धाआधी देशात दोनशे कोटींच्या आत नोटा फिरत होत्या, युद्ध संपताना त्या हजार कोटींच्या वर गेल्या. माल तेवढाच, उलट कमी, कारण तो जहाजांवर चढला होता. भाव चढले. ज्याची मजुरी रोजची आणि पोट हातावर, त्याचं धान्य या नोटांनी न विचारता काढून घेतलं. देशमुख गव्हर्नर झाले त्याच वर्षी बंगालात दुष्काळानं लाखो माणसं मेली. भाववाढ हे त्याचं एक मोठं कारण होतं.

गव्हर्नरनं हे थांबवायला हवं होतं का? आजच्या वाचकाला वाटेल, हो. पण सरकार परकं, युद्ध त्यांचं आणि कायदा असा की स्टर्लिंग आलं तर बँकेनं ते घ्यायचंच. मी बँकेत इतकी वर्षं काढली आहेत की हात बांधलेल्या कारकुनाची आणि हात बांधलेल्या गव्हर्नरची अवस्था मला वेगळी वाटत नाही. अशा वेळी एकच गोष्ट हाती राहते: येणं किती आहे याचा हिशेब चोख ठेवायचा आणि ते बुडू द्यायचं नाही. लंडनमध्ये हे येणं कमी करावं, आम्ही तुमचं रक्षण केलं त्याचा खर्च वजा धरावा, असं बोलणारे मोठमोठे लोक होते. चर्चिल त्यांत होते. ते पैसे म्हणजे उपाशी पोटांनी दिलेली उधारी होती. देशमुखांनी तिचा आकडा हलू दिला नाही, आणि त्यांच्या कारकिर्दीतलं सर्वांत मोठं काम मी हेच मानतो.

जुलै १९४४ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधी उभारण्यासाठी ब्रेटन वुड्स इथे चव्वेचाळीस देशांची परिषद भरली. हिंदुस्थानच्या शिष्टमंडळाचे प्रमुख जेरेमी रेझमन हे इंग्रज अर्थसदस्य. बरोबर देशमुख, षण्मुखम चेट्टी, ए. डी. श्रॉफ. हे स्टर्लिंगचं येणं नाणेनिधीच्या चौकटीत सोडवून घ्यावं यासाठी आपल्या लोकांनी जोर लावला. ते मान्य झालं नाही, पण ब्रिटन आपलं देणं मानानं फेडेल असं ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्स यांना जाहीरपणे म्हणावं लागलं. पारतंत्र्यातल्या देशानं सगळ्या जगासमोर धनको म्हणून बोलावं, हा प्रसंगच निराळा. हिंदुस्थानचा निधीतला वाटा ४० कोटी डॉलरचा ठरला. रशिया बाहेर राहिल्यानं आपण पहिल्या पाचांत आलो आणि कार्यकारी मंडळावर हक्काची जागा मिळाली. देशमुख पुढे दहा वर्षं नाणेनिधी आणि जागतिक बँकेच्या गव्हर्नर मंडळावर होते. १९५०च्या पॅरिसच्या वार्षिक सभेचे ते अध्यक्ष होते.

आता तेरच्या माणसाला जवळचं वाटेल असं एक प्रकरण. संत गोरोबाकाका कुंभारांची कथा इथे घरोघर माहीत आहे. संतमेळ्यात मुक्ताबाईंनी विचारलं, हे थापटणं कशासाठी? गोरोबा म्हणाले, मडकं कच्चं की पक्कं ते पाहायला. मग त्यांनी एकेका संताच्या डोक्यावर थापटणं मारून पाहिलं, आणि नामदेव रागावले म्हणून ते कच्चे ठरले. कुंभाराचा आणि सराफाचा हा एकच धंदा. सराफही रुपया दगडावर आपटून त्याचा नाद ऐकत असे, आणि खणखणीत वाजला तरच पेटीत टाकत असे.

बँकांना असं थापटणं लावण्याचा अधिकार रिझर्व्ह बँकेला सुरुवातीला पुरेसा नव्हता. कुणीही पाटी लावावी, चार शाखा उघडाव्यात, जास्त व्याजाचं आमिष दाखवून ठेवी गोळा कराव्यात आणि एक दिवस शटर ओढावं. १९३८ मध्ये त्रावणकोर नॅशनल अँड क्विलॉन बँक बुडाली तेव्हा दक्षिणेत हाहाकार झाला होता. युद्धातल्या सैल पैशानं अशा बँका आणखी उगवल्या. देशमुख गव्हर्नर असताना १९४६च्या वटहुकुमानं बँकांची तपासणी करण्याचा अधिकार मिळाला आणि मार्च १९४९ मध्ये बँकिंग कंपन्यांचा कायदा अमलात आला. परवाना, किमान भांडवल, शाखा उघडायला परवानगी, दप्तराची तपासणी हे सगळं तिथून सुरू झालं. मी नोकरीत असताना तपासनीस येणार म्हटलं की शाखेत रात्रभर दिवे चालू असत. एका लेजरमधला तेवीस रुपयांचा फरक शोधायला आम्ही तिघं पहाटे चारपर्यंत बसलो होतो, तो सापडल्यावर मॅनेजरांनी चहा मागवला होता. त्या वेळी वैताग आला होता. आज वाटतं, त्या तेवीस रुपयांमागं गावातल्या कुणाची तरी पेन्शन होती.

बँकेला स्वतःचे डोळे हवेत म्हणून १९४५ मध्ये संशोधन आणि सांख्यिकी विभाग उभा राहिला, जानेवारी १९४७ पासून बँकेचं मासिक पत्रक निघू लागलं. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे देशमुख १९४५ पासून जवळजवळ वीस वर्षं अध्यक्ष होते. वनस्पतिशास्त्रातली सवयच ही: आधी नमुना गोळा करा, मग मत द्या.

फाळणी झाली तेव्हा दोन देश आणि मध्यवर्ती बँक एकच, अशी अवस्था होती. रिझर्व्ह बँक ३० जून १९४८ पर्यंत पाकिस्तानचीही बँक होती. आपल्याच नोटांवर ‘पाकिस्तान सरकार’ असा शिक्का मारून त्या तिकडे चालवल्या गेल्या. दोन्हीकडे वैर पेटलेलं असताना तराजू सरळ धरणं सोपं नव्हतं. १ जानेवारी १९४९ला बँकेचं राष्ट्रीयीकरण झालं आणि देशमुख राष्ट्राच्या मालकीच्या बँकेचे पहिले गव्हर्नर झाले. जून १९४९ मध्ये त्यांनी पद सोडलं.

याच काळात आमच्याकडे काय चाललं होतं? निजामाचं राज्य संस्थानांत एकटं असं, जे नोटाही स्वतःच्या काढत असे. १९४२ पासून हैदराबाद स्टेट बँक त्या नोटांचा कारभार पाहू लागली. नोव्हेंबर १९४७ मध्ये भारताशी जैसे थे करार झाला आणि पाठोपाठ निजाम सरकारनं वटहुकूम काढून भारताचं चलन संस्थानात बेकायदा ठरवलं. बार्शीहून कलदार खिशात घालून हद्द ओलांडणारा शेतकरी एका रात्रीत गुन्हेगार झाला. आजोबा सांगत, त्या दिवसांत कलदार कमरेच्या कशात शिवून आणत. मागून रझाकारांची भीती होतीच. १३ सप्टेंबर १९४८ला सोलापूरकडून भारतीय फौजा नळदुर्गाच्या वाटेनं आत शिरल्या आणि पाच दिवसांत सगळं संपलं.

हाली मात्र लगेच गेला नाही. १९५० पासून भारतीय रुपया शेजारी चालू झाला, दर तोच जुना, सातास सहा. पुढल्या वर्षी नवा हाली काढणं थांबलं, आणि १९५९ मध्ये त्याचं चलन कायमचं बंद झालं. इथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. इंग्रजांनी १९४० मध्ये आपल्या रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, निजामानंही पुढे तेच केलं, आणि १९४७च्या रुपयात तर चांदीच नव्हती, निकेल होतं. ज्या चांदीच्या वजनावरून सातास सहा हा दर जन्मला ती चांदी कधीच निघून गेली होती, तरी दर तसाच उभा होता. तो आता धातूवर नव्हता, शब्दावर होता. नोटेवर गव्हर्नर सही करून जे वचन देतो तेच हे. लामतुरे संग्रहालयातलं मातीचं पदक आणि शंभराची नोट यांत फरक तेवढाच, आणि तो फरक राखायला एक माणूस आयुष्य घालवतो.

१९५६च्या ऑक्टोबरात रिझर्व्ह बँकेनं हैदराबाद स्टेट बँक ताब्यात घेतली. पुढच्याच महिन्यात, १ नोव्हेंबरला, मराठवाडा मुंबई राज्यात आला. आमच्या जिल्ह्याच्या दृष्टीनं हे एकच वर्ष.

त्याच वर्षी देशमुखांनी सत्ता सोडली. १ जून १९५० पासून ते केंद्रात अर्थमंत्री होते, १९५२ मध्ये कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आले होते. इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली ती १९५५ मध्ये, त्यांच्या काळात. आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरणही त्यांनीच जानेवारी १९५६ मध्ये रेडिओवरून जाहीर केलं. पण मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय झाला आणि मुंबईत लोकांवर गोळ्या चालल्या. जुलै १९५६ मध्ये लोकसभेत उभं राहून त्यांनी आपली बाजू मांडली आणि मंत्रिपद सोडलं. आयुष्यभर फायलींत बोललेला, आवाज न चढवणारा माणूस. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत त्या राजीनाम्याचं नाव निघालं की टाळ्या थांबत नसत, असं वडील सांगायचे. मला त्यात चलनाचीच शिस्त दिसते: दिलेला शब्द आणि केलेली कृती यांत बट्टा नको.

ग्रामीण पतपुरवठ्याची गोष्ट थोडक्यात, पण सांगायलाच हवी. रिझर्व्ह बँकेनं १९५१-५२ मध्ये देशभर पाहणी केली. त्या पाहणीच्या गोरवाला समितीवर आपले धनंजयराव गाडगीळ होते. १९५४च्या अहवालात दिसलं की शेतकऱ्याच्या शंभर रुपये कर्जात सहकारी संस्थांचे तीनच रुपये, व्यापारी बँकांचा एक रुपयासुद्धा नाही आणि सावकारांचे जवळजवळ सत्तर. अर्थमंत्री देशमुखांनी इम्पीरियल बँक ताब्यात घेतली ती हा अहवाल हाती आल्यावर. नव्या स्टेट बँकेवर पाच वर्षांत ४०० शाखा उघडण्याची जबाबदारी टाकली गेली. रायपूरच्या शिवारात सारा ठरवणारा अधिकारी आणि हा निर्णय घेणारा मंत्री, यांच्यात मला सरळ रेघ दिसते. तरी आजही आमच्या भागात पेरणीच्या तोंडावर सावकाराच्या दारात माणसं उभी असतात. ते काम अर्धं राहिलं आहे.

पुढची वर्षं लेखकानं भरभर घेतली आहेत, मीही घेतो. विद्यापीठ अनुदान आयोग, दिल्ली विद्यापीठाचं कुलगुरुपद, इंडिया इंटरनॅशनल सेंटर, १९५९चा मॅगसेसे पुरस्कार, १९६९ मध्ये राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत हार, १९७५ मध्ये पद्मविभूषण. समाजकार्यकर्त्या दुर्गाबाईंशी १९५३ मध्ये लग्न झालं होतं आणि त्यांचं काम हैदराबादेत वाढलं. चिंतामणरावांचे अखेरचे दिवसही तिथेच गेले. चारमिनारच्या त्या शहरात २ ऑक्टोबर १९८२ रोजी ते वारले.

हे पुस्तक कॉलेजच्या मुलांसाठी लिहिलं आहे, म्हणून त्यांना एक विनंती. तुमच्याही घरात, आजीच्या डब्यात किंवा देव्हाऱ्यात, एखादा हाली आणि एखादा कलदार असेल. मोडीत घालू नका. सोनाराच्या काट्यावर दोन्ही तोला, वजन कागदावर लिहा, नाणी १९४०च्या आधीची असतील तर कसाचे आकडे या प्रस्तावनेतून घ्या, आणि सातास सहा येतात का ते स्वतः काढून बघा. मग खिशातली नोट काढून तिच्यावर सही कुणाची आहे ते वाचा, आणि हे चरित्र उघडा.